शेजारच्या सीटवरची हवा

संयोगितानं विचारलं होतं. उद्या कुणी तिला कोर्टात उभं केलं असतं तरी तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं की हो, मी विचारलं होतं. मुंबईच्या विमानतळावर, चेक-इनच्या यंत्रापुढं उभी राहून, पासपोर्ट पर्समध्ये कोंबता कोंबता ती म्हणाली होती, "वहिनी, डोक्यावर चांगली हवा सोडायची एक सोय आहे. जादा पैसे पडतात. तुम्हाला घ्यायची का?"

मालनवहिनी तेव्हा पिशवीच्या चेनशी झटत होत्या. नातीसाठी शिवलेली दुपटी, डिंकाचे लाडू आणि वर पाळण्याला बांधायचं रेशमी कापड, एवढं सगळं त्या एका पिशवीत मावावं असा त्यांचा हट्ट होता.

"नको गं बाई," त्या मान वर न करताच म्हणाल्या. "मला काय करायचीय हवा? तू घे तुझं."

आणि संयोगितानं घेतलं. बोट टेकवलं, यंत्रानं 'धन्यवाद' म्हटलं, झालं.

आता गडहिंग्लजच्या चौगुल्यांच्या घरात नुसतं विचारून कुणी काही घेतलंय असं कधी झालेलं नाही. तिथं पहिल्यांदा विचारलं की माणूस रीत म्हणून नको म्हणतो, दुसऱ्यांदा विचारलं की संकोचानं "राहू दे की" म्हणतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग हात पुढं करतो. मालनवहिनींना तर अर्धा कप चहा पाजायचा तरी मागं लागावं लागे. संयोगिताला हे कुणी शिकवायला नको होतं. लग्नाच्या पंगतीत पानावर आडवा हात धरणाऱ्या माणसाला तीन जिलब्या वाढून येणारी बाई म्हणून तिची ख्याती होती. मग त्या सकाळी तिनं आग्रह का केला नाही? पैशांचा प्रश्न नव्हता. पडद्यावर लिहिलं होतं : 'मोकळा श्वास. रांग ४१ ते ४५. एक सीट शिल्लक.' दुसऱ्यांदा विचारलं असतं आणि वहिनी हो म्हणाल्या असत्या, तर संयोगिता उरली असती कोरडी.

आणि तिला ती सीट हवी होती हो! मागच्या खेपेला कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेली तेव्हा उतरल्यावर दोन दिवस डोकं धरून ओकत पडली होती. यंदा तर मुंबई ते व्हँकुव्हर, मध्ये कुठं थांबा नाही, सलग सतरा तास. शिवाय दुसऱ्याच दिवशी बारसं. मालनवहिनींचा मुलगा विश्वजित तिकडं स्थायिक झालेला, त्याला पहिली मुलगी झाली होती. विश्वजितला सख्खी बहीण नाही, त्यामुळं बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान त्यानं स्वतःच्याच आत्याला, म्हणजे संयोगिताला दिला होता. आणि पाळण्याची दोरी मालनवहिनींच्या हातात असणार होती. दोन वर्षांपूर्वी दादा गेल्यापासून वहिनींनी कशाची एवढी वाट बघितली नव्हती.

विमान सुटलं, सरळ झालं आणि संयोगिताच्या सीटच्या माथ्यावरून हवेचा एक मऊ झोत खाली उतरला. दिसत काही नव्हतं. चेहऱ्याभोवती पदर ओढून घ्यावा तशी ती हवा तिच्या डोक्याखांद्यांभोवती राहिली. चार श्वास घेतले आणि कपाळामागचा ताण उतरलाच. वा! नाव ठेवणाऱ्यानं नाव बरोबर ठेवलं होतं.

"तुझ्याच डोक्यावर वारं सोडलंय व्हय गं?" शेजारून वहिनींनी हात पुढं करून बघितला. "गार हाय की."

"काही नाही वहिनी, नुसता पंखा आहे. मला डोकेदुखीचा त्रास ना, म्हणून."

हे खोटं होतं. संयोगिता शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, दवाखान्यांना ऑक्सिजन पुरवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होती. बावीस वर्षं त्याच वायूची शुद्धता मोजत होती. तिला हे यंत्र काय करतं ते तिथल्या तिथं कागदावर काढून दाखवता आलं असतं.

गोष्ट साधी आहे. विमान चाळीस हजार फुटांवर उडतं, पण आतल्या माणसांसाठी जमिनीवरच्याइतका हवेचा दाब ठेवला तर विमानाचं अंग दर उड्डाणाला फुगून-आवळून लवकर थकेल. म्हणून आत आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच दाब ठेवतात. हवेत ऑक्सिजनचा वाटा तोच, पण हवाच विरळ, त्यामुळं प्रत्येक श्वासात तो जमिनीवरच्या पाऊण हिश्श्याइतकाच मिळतो. धडधाकट माणसाला थोडं जड वाटतं, घसा कोरडा पडतो, डोकं दुखतं, एवढंच. वर्षानुवर्षं सगळे हे सोसत आले होते, आणि सगळे सारखंच सोसत होते.

मग ती पातळ चाळणी आली. खास प्लॅस्टिकचा पापुद्रा, ज्यातून ऑक्सिजन लवकर पार होतो आणि नायट्रोजन मागं राहतो. डोक्यावरच्या खणात ही चाळणी बसवली की खालच्या सीटवर समुद्रकाठची हवा. पण चाळणी काही ऑक्सिजन तयार करत नाही. ती तो घेते कुठून? केबिनमधल्याच हवेतून. बाहेरची हवा आत दाबून घ्यायला इंधन जळतं, म्हणून नव्या विमानांत आतलीच हवा गाळून गाळून पुन्हा फिरवतात. पाच रांगांचा एक कप्पा, त्या कप्प्यात मोकळा श्वास घेणाऱ्या आठ सीट, आणि त्यांच्यासाठी ऑक्सिजन काढून घेतलेली उरलेली हवा बाकीच्या सदतीस जणांना. ते बसल्या जागी आठ हजारांवरून दहा हजार फुटांवर चढतात. नियमात बसतं. अटींच्या बाविसाव्या कलमात लिहिलेलंही होतं : 'शेजारील आसनांच्या हवेत किंचित फरक संभवतो.' संयोगितानं ते कलम घरीच वाचलं होतं. वाचून, किंचित म्हणजे किती याचा आकडाही मनात काढला होता, आणि मग चहा करायला उठली होती.

पहिले पाच तास मजेत गेले. वहिनींनी खिडकीकडच्या सरदारजींना लाडू खायला घातला. त्यांनी नको म्हटल्यावर दोनदा पुन्हा दिला, आणि तिसऱ्यांदा त्यांनी घेतल्यावरच समाधानानं डबा मिटला. विमान सूर्याच्या मागं लागल्यासारखं उत्तरेला निघालं होतं आणि जूनचा दिवस संपायचं नाव घेत नव्हता.

"संयू, पोरीचं नाव ठरलंय ते मला तरी सांग की."

"छट्! विश्वजितनं शपथ घातलीय. उद्या कळेल सगळ्यांना."

"मी सगळ्यांत मोडतो व्हय?" वहिनी हसल्या. त्या अजून गावच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि ती नेहमीपेक्षा जरा जास्तच रेंगाळली.

तो खोकला संयोगिताच्या ओळखीचा होता. आई गेली तेव्हा ती आठवीत होती, आणि त्याच वर्षी मालनवहिनी लग्न होऊन घरात आल्या. नव्या नवरीनं पहिल्या महिन्यात नणंदेच्या केसांतल्या उवा काढल्या. संयोगिता बारावीला चांगले गुण मिळवून आली, इंजिनिअरिंगला जायचं म्हणाली, दादानं फीचा आकडा ऐकून मान खाली घातली, तेव्हा वहिनींनी स्वतःच्या पाटल्या मोडून मिरची कांडायचं यंत्र घेतलं. संकेश्वरी मिरचीचा हंगाम सुरू झाला की पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर तो लाल धुरळा. तोंडाला पदर बांधून वहिनी सकाळी आत जायच्या ते दिवेलागणीला बाहेर यायच्या. संयोगिताची चार वर्षांची फी त्या शेडमधून निघाली. फी संपली तरी यंत्र चालूच राहिलं, कारण मग विश्वजितची फी आली. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो काढून "धुरळ्याची कामं बंद करा" म्हणून सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.

हे सगळं संयोगिताला चेक-इनच्या यंत्रापुढं उभं असतानाही माहीत होतं. माणसाला माहीत असतं आणि तरी तो बोट टेकवतो.

सहाव्या तासाला वहिनींचं बोलणं कमी झालं. जेवणाचा ट्रे त्यांनी तसाच परत केला. "जरा दमल्यासारखं हुतंय," म्हणाल्या. "बसून बसून दमतंय का माणूस कधी?" संयोगितानं त्यांचा हात हातात घेतला आणि प्रेमानं कुरवाळल्यासारखं करून नखं बघितली. नखांच्या मुळाशी निळसर झाक होती.

आता काय करायला हवं होतं हे तिच्याइतकं त्या विमानात कुणालाच कळत नव्हतं. सेवा सीटच्या नावावर होती. उठायचं, वहिनींना इकडं बसवायचं, आपण तिकडं बसायचं. अर्ध्या मिनिटाचं काम! पण मग वहिनींनी विचारलं असतं, नुसता पंखा आहे म्हणालीस, मग मला एवढं बरं कसं वाटतंय? तेव्हा सांगावं लागलं असतं. शिवाय उरलेले अकरा तास त्या विरळ हवेत, मग ते डोकं, ते ओकणं, आणि उद्या सगळ्या पाहुण्यांदेखत पाळण्यापाशी भेलकांडणं. तिनं मनाशी तडजोड केली. विचारून तर बघू.

"वहिनी, इकडं बसता का माझ्या जागेवर? हवा बरी आहे इकडं."

"नको, नको. तू बस. तुझं डोकं दुखतंय."

खरं सांगायचं तर संयोगिताला हायसं वाटलं. 'बरं' म्हणून ती मागं टेकली. थोड्या वेळानं पुन्हा विचारू, आत्ताच कशाला मागं लागायचं, असं तिनं ठरवलं आणि डोळे मिटले. चांगली हवा असली की झोपही चांगली लागते. तिला गाढ झोप लागली, स्वप्नबिप्न काही नाही, सलग चार तास.

जाग आली ती वहिनींच्या बोलण्यानं.

"पट्टा सुटलाय," वहिनी कुणाला तरी सांगत होत्या. "अवो, यंत्र बंद करा. पट्टा सुटलाय. पोरगी आत हाय."

"वहिनी?"

त्यांनी संयोगिताकडं बघितलं, पण ओळख पटली नव्हती. मान एका बाजूला कलली होती, ओठ जांभळे पडले होते आणि श्वास वरच्या वर चालला होता. मांडीवर पाळण्याचं रेशमी कापड उलगडून पडलं होतं. थंडी वाजली म्हणून त्यांनी ते पिशवीतून काढून पांघरून घेतलं असावं. शेजारी झोपलेल्या नणंदेला उठवलं नव्हतं.

संयोगिता ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही. सरदारजी धडपडून उठले, दोघांनी मिळून वहिनींना उचलून तिच्या सीटवर, त्या हवेखाली बसवलं. केबिनमधली मुलगी धावत आली. वसईची होती, डिमेलो नावाची, मराठी बोलणारी. तिनं वहिनींच्या बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा उमटला : चौऱ्याहत्तर.

"यांना आधीपासून छातीचा त्रास आहे का?" मुलीनं ऑक्सिजनचं नळकांडं आणून मास्क लावत विचारलं.

"आहे."

"मग मोकळा श्वास यांच्या सीटला का नाही घेतला, मॅडम? आम्ही वयस्करांना तेच सांगतो."

"मी विचारलं होतं," संयोगिता म्हणाली. "त्या नको म्हणाल्या."

पुढच्या-मागच्या रांगांतून माना वळल्या होत्या. एका पोक्त गुजराती बाईंनी आपल्या डोक्यावरचं बटण मुकाट्यानं बंद केलं, त्यांच्या नवऱ्यानंही केलं. मग तिसरं कुणीतरी केलं. वहिनींच्या डोक्यावरचा सोडून कप्प्यातले बाकीचे सगळे झोत बंद झाले. हे इतकं सोपं होतं. नऊ तासांपूर्वीही ते इतकंच सोपं होतं.

आकडा हळूहळू चढत शहाऐंशीवर आला. अर्ध्या तासानं वहिनींनी डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं, मास्क बाजूला करून म्हणाल्या, "ते रेशमी कापड चुरगळलं गं." संयोगिता त्यांच्या पायाशी, दोन सीटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसली होती. उरलेला सगळा प्रवास ती तिथंच बसली. डोकं फुटायची वेळ आली होती, आणि तिला वाटत होतं, आणखी दुखू दे.

व्हँकुव्हरला उतरल्यावर वहिनींना थेट विमानतळावरच्या दवाखान्यात नेलं. विश्वजित बाहेर फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता, त्याला आत बोलावलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांतपणे बोलत होत्या, आणि विश्वजित त्यांचं बोलणं आईला मराठीत सांगत होता. फुप्फुसं आधीच अधू होती, त्यात कित्येक तास ऑक्सिजन कमी पडला, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलाय. जिवाचा धोका टळलाय. पण आता इस्पितळात न्यायचं, चार दिवस तिथून हलायचं नाही, आणि भेटायला लहान बाळ आणायचं नाही.

"म्हणजे उद्याचं बारसं..." विश्वजित म्हणाला. "आई, आपण पुढं ढकलू. शंभर माणसांना सांगतो मी, त्यात काय."

"खुळा का काय!" मास्कआडून वहिनी म्हणाल्या. "एवढी माणसं सांगितल्यात. पाळण्याची दोरी संयू धरंल. नाव बी तीच ठेवंल. माझी पोरगीच हाय ती."

डॉक्टर बाईंच्या हातात विमानातून आलेली नोंद होती. त्यावर बघत त्यांनी काहीतरी विचारलं. विश्वजितनं एकदा आत्याकडं आणि मग आईकडं बघितलं.

"आई, त्या विचारतायत, शेजारच्या सीटवर सेवा चालू होती. आत्याच्या. तुझ्या सीटवर का नव्हती?"

संयोगितानं तोंड उघडलं, पण वहिनी आधी बोलल्या.

"मीच नको म्हणालो. हिनं लई आग्रह केला रे. चार-पाचदा तरी म्हणाली असंल, घ्या वहिनी, घ्या वहिनी. मीच हट्टी. पैसे कशाला घालवायचे म्हटलं."

विश्वजितनं सुस्कारा सोडला. तो येऊन संयोगिताच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू तरी काय करणार, आत्या," तो म्हणाला. "हिचा स्वभाव आपल्याला ठाऊक नाही का? तू होतीस म्हणून निभावलं. रडू नको."

खांद्यावरचा तो हात उबदार होता. काही न बोलता नुसतं उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. उद्या नव्या नऊवारीत पाळण्यापाशी उभं राहायचं, दोरी ओढायची, बाळाच्या कानात वाकायचं. पाठीवर सगळ्यांनी गुद्दे मारायचे, हसायचं. कुणाला कधीच कळलं नसतं. वहिनींनी तसा सगळा बंदोबस्त करून ठेवला होता.

"मी एकदाच विचारलं," संयोगिता म्हणाली.

"काय?"

"एकदाच विचारलं, विश्वजित. सीट एकच राहिली होती. पुन्हा विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलं नाही. वर त्यांना नुसता पंखा आहे म्हणून सांगितलं. नखं निळी पडलेली मला दिसली होती. दिसली, आणि मी झोपले."

डॉक्टर बाईंना भाषा कळत नव्हती, त्या एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

वहिनींनी मास्क हनुवटीखाली ओढला. त्यांचा चेहरा संयोगितानं इतक्या वर्षांत कधी बघितला नव्हता इतका थकलेला दिसत होता.

"पोराला कशाला सांगितलंस गं?" त्या म्हणाल्या. "तुझ्या-माझ्यातलं हुतं ते. मी ठेवलं असतं की."

संयोगिताच्या खांद्यावरचा हात निघाला. विश्वजित आईजवळ गेला, त्यानं मास्क पुन्हा नीट लावला आणि पट्टा मागं सरकवला. मग आत्याकडं न बघताच त्यानं विचारलं, "बाळाचं नाव अजून आईला सांगितलं नाहीस ना?"

"नाही."

"मग मी सांगतो," तो म्हणाला, आणि आईच्या कानाशी वाकला.